मुहूर्त १२:३५, वऱ्हाड मिरजेचं, कार्यालय साताऱ्यात – फोटोंसह वेळापत्रक कसं बसवायचं?

वेण्णाकाठी

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे. कार्यालय साताऱ्याबाहेर, महामार्गाला लागून. सासर मिरजेचं. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं. कार्यालय आदल्या दिवशी दुपारी तीनपासून आमच्या ताब्यात, लग्नादिवशी संध्याकाळी पाचला रिकामं करून द्यायचं, कारण रात्री त्यांचं दुसरं बुकिंग आहे.

बैठकीत ठरलं ते असं: सकाळी साडेनऊला टिळा-साखरपुडा, साडेदहाला हळद, मग परण्या (नवरदेव वाजतगाजत मारुतीला जाऊन येतो ते), १२:३५ ला अक्षता, जेवणं, विधी, चारला पाठवणी. आपल्याकडे सगळ्यांचं असंच असतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

आता फोटोग्राफरने व्हॉट्सॲपवर त्याचं वेगळंच पाठवलंय. नवरी पहाटे पाचला मेकअपला, साडेसात ते नऊ साताऱ्याच्या डोंगरावरच्या 'चार भिंती'वर कपल शूट, हळदीला पाऊण तास, अक्षतांनंतर फॅमिली फोटो दीड तास, आणि साडेचार ते सहा पुन्हा कपल शूट, कारण तेव्हा 'गोल्डन लाईट' असतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एकाच वेळी बहीण तीन ठिकाणी आहे.

आजी म्हणाली, "हळद लागायच्या दिवशी पोरगी डोंगरावर हिंडायला जायची नाही." विषय तिथेच संपला. वडील म्हणतात, फोटोग्राफरचं ऐकायचं की गुरुजींचं, ते आधी ठरवा. बहिणीला फोटो चांगले हवेत आणि त्यात तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. ज्यांनी इतक्यात घरात कार्य काढलंय, त्यांनी सांगा, कशाला हात लावायचा आणि कशाला नाही?

कंदीपेढा

हळद साडेदहाला आणि अक्षता १२:३५ ला? फोटो राहू द्या बाजूला, नवरीची आंघोळ कधी?

हळद अर्ध्या तासात आटपते असं बैठकीतल्या पुरुषमंडळींना वाटतं. पाच सवाशिणींनी लावायची म्हणता म्हणता पन्नासजणी लावतात. मग न्हाणं, केस वाळवणं, मेकअप, शालू, दागिने, मुंडावळ्या, गौरीहर. आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात हाच क्रम होता. ओल्या केसांचाच अंबाडा घातला, आणि अल्बमच्या पहिल्या पानावर मोठा फोटो आहे त्यात कानाच्या पाळीमागे हळदीचा ओघळ तसाच आहे. मंगळसूत्र घालताना नवऱ्याच्या बोटांनाही लागलाय. ती म्हणते तोच फोटो तिला सगळ्यात आवडतो, पण मेकअपवालीने त्या दिवशी जे काही ऐकवलं ते आवडलं नव्हतं.

हळद आदल्या संध्याकाळी घ्या. कार्यालय तीनपासून तुमचंच आहे.

पाटलीणबाई

कंदीपेढा, आदल्या दिवशी हळद घ्या म्हणणं सोपं आहे. नवरीला उष्टी हळद लागते. आधी नवरदेवाला, मग त्यातली उरलेली मुलीकडे. नवरदेव मिरजेत आणि नवरी साताऱ्यात, मग हळद काय कुरिअरने येणार? म्हणूनच लोक सगळं एका दिवसात, एका मांडवात उरकतात. त्याला कारण आहे, उगाच नाही.

आमच्याकडे नणंदेच्या वेळी नवरदेवाची हळद त्यांच्या घरी सकाळी झाली आणि दोन करवल्या आणि धाकटा दीर वाटी घेऊन गाडीने आले. त्यांना चहापाणी, साडी-चोळी, टॉवेल-टोपी, सगळं करावं लागलं. तेही धरा.

नुसताच_वाचक

लग्न फोटोसाठी की फोटो लग्नासाठी, हे एकदा ठरवा म्हणजे सगळे प्रश्न सुटतील.

कंदीपेढा

हे वाक्य लग्नाच्या प्रत्येक धाग्यावर कुणीतरी टाकतंच. काही सुटत नाही त्याने.

तिसरा_डोळा

सांगलीत लग्नांचे फोटो काढतो, तेव्हा मी त्या फोटोग्राफरची बाजू घेईन असं वाटेल. पण त्याने पाठवलेला कागद रिसॉर्टवरच्या लग्नाचा आहे. तिकडे लग्न संध्याकाळी, पाहुणे दोनशे, दिवसभर नवरा-नवरीला दुसरं काम नाही. आपल्याकडे हजार-दीड हजार पान उठणार, नवरदेव मारुतीला जाऊन येणार, आणि १२:३५ ला काहीही झालं तरी अक्षता पडायला हव्यात. दिवसाचा खुंटा तोच. तिथून मागे मोजत या.

१२ ला नवरी गौरीहरापाशी बसलेली पाहिजे. ११:२० ला पूर्ण तयार, कारण तयार नवरीचे एकटीचे फोटो, आईबरोबर, आजीबरोबर, मैत्रिणींबरोबर, हे याच अर्ध्यापाऊण तासात होतात. एकदा अक्षता पडल्या की ती परत कधी एकटी सापडत नाही. मेकअप, केस, शालू यांना सव्वादोन ते अडीच तास. म्हणजे पावणेनऊला ती खुर्चीत बसली पाहिजे, आंघोळ आणि नाश्ता करून. नाश्ता मुद्दाम लिहिलाय. लाजाहोमाच्या धुरात उपाशीपोटी चक्कर आलेल्या नवऱ्या पाहिल्यात.

आता सांगा, यात साडेनऊचा साखरपुडा आणि साडेदहाची हळद कुठे बसते? कुठेच नाही. फोटोग्राफर नसता तरी बसली नसती. तेव्हा मुहूर्त उशिरा लागतो, आणि सगळे म्हणतात फोटोवाल्यामुळे उशीर झाला.

माझं मत: साखरपुडा आणि हळद, दोन्ही आदल्या दिवशी साताऱ्यातच. नवरदेव आणि जवळची माणसं आदल्या दिवशी दुपारी येऊ देत, बाकी वऱ्हाड दुसऱ्या दिवशी सकाळी बसने. साखरपुडा साडेचारला लॉनवर. त्यात दोघं शेजारी बसणारच आहेत, अंगठ्या घालणारच आहेत, आजींचीही काही हरकत असणार नाही कारण हळद अजून लागलेली नाही. साखरपुडा झाला की तिथेच लॉनवर अर्धा तास दोघांचे फोटो. तो गोल्डन लाईट म्हणतोय तो हाच, फक्त एक दिवस आधीचा. नवरी ताजीतवानी असते, पाठवणीनंतरच्या रडलेल्या डोळ्यांनी हसायला लावायची गरज नाही. अंधार पडला की नवरदेवाची हळद, त्यातली उष्टी तासाभरात तुमच्याकडे, त्याच आवारात. पाटलीणबाईंचा कुरिअरचा प्रश्नही मिटला.

पाटलीणबाई

मिटला नाही, वाढला. नवरदेवाची हळद परमुलखात झालेली मिरजेची भावकी ऐकून घेईल? "घरच्या हळदीला आम्हाला बोलावलंच नाही" हे पुढची वीस वर्षं ऐकायला लागेल, आणि ते तुमच्या बहिणीला. फोटोवाला काय, अल्बम देऊन मोकळा.

भडंगवाला

मी मिरजेचाच. ते भावकीचं खरंय, पण एक टेम्पो ट्रॅव्हलर बायकांची जादा काढली की निम्मी भावकी गप बसती. उरलेली निम्मी तशी पण बसत नाही.

मला रस्त्याचं सांगायचंय. सकाळी साडेनऊचा साखरपुडा धरला तर वऱ्हाड मिरजेतनं साडेपाचला सुटलं पायजे. लग्नातली बस साडेपाच म्हणजे पावणेसात. वर मार्गशीर्षात नदीकाठाला धुकं असतंय, आणि कारखाने चालू. पेठ नाक्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या, मागं लाल दिवा नाही. पुढं महामार्गाला सहापदरीकरणाचं वळवावळवी. तासवडे टोलला सगळ्यांना एकदमच चहा सुचतो. तीन तास धराच, साडेतीन धरले तर झोप लागंल.

म्हणून नवरदेव आदल्या दिवशीच आलेला बरा. वऱ्हाडाची बस अडकली तर पंगत उशिरा बसंल, पण नवरदेवच ट्रॉलीमागं अडकला तर?

वेण्णाकाठी

तिसरा_डोळा, हे खरंच पटलं. पण अडचण पैशाची आणि मानापानाची आहे. आदल्या रात्री नवरदेवाकडचे पन्नासएक लोक म्हणजे जेवण, गाद्या, सकाळचा चहा-नाश्ता आमच्याकडे. वडिलांनी एका जेवणाचं गणित धरलंय. आणि आपण होऊन "आदल्या दिवशी या" म्हटलं की तिकडून "मग सीमांतपूजन पण करूनच टाका" येणार.

हळदीकुंकू

सीमांतपूजन म्हणजे काय मोठं? पाय धुणं, ओवाळणं, नारळ. फोटोही छान येतात. करून टाका. खर्चाचं मात्र मध्यस्थामार्फत आधीच बोला. आमच्याकडे आदल्या रात्रीचं जेवण मुलाकडच्यांनी उचललं आणि आम्ही त्यांच्या बसचा खर्च उचलला. कुणी कुणाचं किती, हे नंतर कुणी मोजलं नाही. पण तोंडाने आधी बोललं गेलं होतं म्हणून मोजलं नाही.

पळीपंचपात्र

आमच्या घरात पौरोहित्य आहे, मी नोकरी करतो पण सीझनला वडिलांबरोबर जातो. इथे अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो: १२:३५ हा मुहूर्त म्हणजे मंगलाष्टकं सुरू करायची वेळ नव्हे. मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण १२:३५ ला यायला हवा. म्हणजे पहिलं कडवं १२:२०–१२:२२ ला. आत्याने, मावशीने स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायची असतील तर ती संख्या आदल्या दिवशी गुरुजींच्या कानावर घाला. प्रत्येकीला दीड-दोन मिनिटं लागतात आणि 'मध्येच थांबा' असं कुणाच्या आत्याला सांगण्याची गुरुजींची हिंमत नसते.

आणि आपल्या भागातली दुसरी गोष्ट. नेतेमंडळी. माजी-आजी, कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन. पावणेबाराला येतात, सत्कार, फेटे, शाल-श्रीफळ, मग दोन शब्द शुभाशीर्वादाचे. दोन शब्दांत चालू हंगामातला ऊसदरसुद्धा येतो. १२:१५ ला माईक गुरुजींच्या हातात आला पाहिजे, हे सूत्रसंचालकाला बजावून ठेवा. साहेब १२:२० ला आले तर ते अक्षता टाकायला उभे राहतील, भाषण जेवताना. असं सांगितलं तर रागावत नाहीत, अनुभव आहे. त्यांना पुढची चार लग्नं असतातच.

तिसरा_डोळा

पळीपंचपात्र, हे तुम्ही बोललात ते बरं झालं, आम्ही बोललो तर आगाऊपणा होतो. तुम्हालाच एक विचारतो. विधी चालू असताना फोटोग्राफरने किती वेळा थांबवलेलं चालतं?

पळीपंचपात्र

शून्य वेळा. पण हात धीमा करायला आमची हरकत नसते. कन्यादानाचं उदक सोडताना, मंगळसूत्र बांधताना, लाह्या टाकताना आणि सप्तपदीच्या पहिल्या आणि शेवटच्या पावलाला गुरुजी क्षणभर थांबू शकतात, फक्त फोटोग्राफरने सकाळी येऊन तसं सांगून ठेवावं. चिडायला होतं ते कशाने, तर मंत्र चालू असताना "नवरदेव, इकडे बघा, स्माईल" याने. एकदा एकाने सप्तपदी परत चालायला लावली होती. वडिलांनी त्याला विचारलं, "चौदा पदी नावाचा विधी तुमच्यात असतो का?"

भडंगवाला

😂😂

कंदीपेढा

दोन्हीकडचे फोटोग्राफर हा विषय कुणी काढलाच नाही. मुलीकडचा एक संच, मुलाकडचा एक संच, प्रत्येकात कँडिडवाला, ट्रॅडिशनलवाला, व्हिडिओवाला, वर त्याचा लाईट धरणारा पोरगा. आठजण स्टेजवर. अंतरपाट दूर झाला तेव्हा आम्ही तिसऱ्या रांगेतून आठ पाठी बघितल्या आणि एका पाठीवर अक्षता टाकल्या. शेवटी समोरच्या एलईडी स्क्रीनवर लग्न बघितलं. त्यापेक्षा घरी बसून बघितलं असतं तर चहा तरी मिळाला असता.

तिसरा_डोळा

याला उपाय आहे, पण तो दोन्ही घरांनी मिळून करायला लागतो. शक्य असेल तर एकच संच ठेवा, खर्च अर्धा-अर्धा, फोटो दोघांना. ते होत नसेल तर जागा वाटून द्या. दोन्ही व्हिडिओ कॅमेरे स्टेजच्या खाली, मधली वाट सोडून दोन बाजूंना, स्टँडवर. स्टेजवर फक्त एकेक फोटोग्राफर, नवरीकडचा नवरदेवाच्या मागे आणि नवरदेवाकडचा नवरीच्या मागे. असं केलं की प्रत्येकाला आपल्या माणसाचा चेहरा समोर मिळतो. मामा मंडळी मागे उभी असतात तिथे आधीच एक फूट जागा मागून घ्यायची.

जाता जाता एलईडी भिंतीचं: स्टेजच्या पाठीमागे ती लावणार असाल तर तिचा उजेड निम्म्यावर आणायला सांगा. पूर्ण ठेवली की पुढच्या माणसांचे चेहरे काळे येतात, आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात. विधी चालू असताना जांभळे-निळे फिरते दिवे बंद, पांढरा उजेड. आणि हळदीच्या मांडवाला डोक्यावर पिवळं कापड नको. वरून ऊन किंवा फोकस पडला की सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते, हळद कुणाला लागली आणि कुणाला नाही तेच कळत नाही. वर पांढरं कापड, पिवळं हवं तर मागच्या पडद्याला.

भडंगवाला

आमच्या भावाचं मे महिन्यात झालं, पहिल्याच आठवड्यात, मुहूर्त साडेबाराचा, उघड्या लॉनवर. फेट्याखाली त्याचे डोळेच दिसत नाहीत एकाही फोटोत. फोटोवाल्याला शिव्या घातल्या सगळ्यांनी.

तिसरा_डोळा

त्याचा काय दोष? मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी-शेवटी सांगली-मिरजेला आणि पुढे दोन-तीन दिवसांनी साताऱ्याला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि तोही दुपारी साडेबाराच्या आसपासच. फेट्याची आणि भुवयांची सावली सरळ डोळ्यांत पडणार. तेव्हा आडोसा करायचा, पांढरं कापड वर ताणायचं, नाहीतर कार्यालयाच्या आत घ्यायचं.

वेण्णाकाठींना ती अडचण नाही. मार्गशीर्षात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे बऱ्यापैकी कललेला असतो, ऊन चेहऱ्यावर येतं. त्यांची अडचण संध्याकाळची. तेव्हा सूर्यास्त सहाच्या सुमारास, पण साताऱ्यात पंचांगातल्या सूर्यास्तावर जाऊ नका. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे. कार्यालय कुठल्या बाजूला आहे त्यावर ऊन बरंच आधी जाऊ शकतं. एक दिवस चार-साडेचारला लॉनवर जाऊन उभे राहा, ऊन कधी जातं ते घड्याळात बघा आणि साखरपुडा त्याच्या तासभर आधी धरा. दोघांचा सोफा असा ठेवा की पाठ पश्चिमेला येईल. तोंडावर ऊन आलं की दोघंही डोळे बारीक करतात, आणि मेकअपचा थर दिसतो तो वेगळाच.

हळदीकुंकू

चार भिंतीचं काय ठरलं पण? बहिणीला हवंय ना?

वेण्णाकाठी

तिला 'साताऱ्यातलं काहीतरी' हवंय. चार भिंती नाही तर लिंबची बारा मोटेची विहीर, नाही तर कास. फोटोग्राफरने कासचे फोटो पाठवलेत फुलांचे.

कंदीपेढा

कासला फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात असतात, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मार्गशीर्षात वाळलेलं गवत मिळेल, आणि पठारावर वाटेल तिथे शालू पसरून बसायला कुणी देत नाही. देऊही नये. लिंबची विहीर सुंदर आहे, पण पायऱ्या, नऊवारी आणि उंच टाचा या तिन्ही गोष्टी एकत्र आणायला मी तयार नाही. शिवाय आत उजेड फक्त वरून येतो. तिथे जायचं तर लग्नाआधी एखाद्या रविवारी, साध्या साडीत, सकाळी, दोघांनी आणि एका करवलीने. प्री-वेडिंगच म्हणा त्याला.

पाटलीणबाई

किंवा नंतर. मुलीचं सासर मिरजेचं आहे हे सगळे विसरलेच. पूजा, गोंधळ आटोपला की हरिपूरला संगमावर सकाळी सातला जा म्हणावं. कृष्णा आणि वारणेचं पाणी, धुकं, चिंचेची झाडं. तेव्हा दोघांची ओळखही झालेली असते, खांद्यावर हात ठेवायला फोटोवाल्याने सांगावं लागत नाही. लग्नादिवशीच्या कपल फोटोत दोघं शाळेच्या स्नेहसंमेलनात उभे केल्यासारखे दिसतात.

भडंगवाला

पाटलीणबाई, आज पहिल्यांदा फोटोवाल्याच्या बाजूनं बोललात.

पाटलीणबाई

मी पोरीच्या बाजूने बोलतेय.

वेण्णाकाठी

अपडेट. मध्यस्थ काकांना घेऊन काल मिरजेला जाऊन आलो. लोक चांगले आहेत, आम्हीच उगाच घाबरत होतो. नवरदेवाच्या आईचंच म्हणणं पडलं की एका दिवसात सगळं कोंबलं की कुठलंच नीट होत नाही. आदल्या दिवशी ते पन्नास-साठजण दुपारी तीनपर्यंत येतील. भावकीसाठी घरी सकाळी नवरदेवाचा घाणा आणि मुहूर्तमेढ, त्याला सगळ्यांना बोलावणं. हळद मात्र साताऱ्यात. त्या रात्रीचं जेवण त्यांनी अर्धं उचललं. एकच अट, हळदीला डॉल्बी.

लॉनवर जाऊन आले. ऊन पाच वाजून वीस मिनिटांनी डोंगराआड गेलं. म्हणून साखरपुडा चारला, चार-चाळीसपासून दोघांचे फोटो लॉनवरच. साडेसहाला नवरदेवाची हळद, साडेसातला हिची. लग्नादिवशी पावणेनऊला मेकअप, अकरा-वीसला तयार, परण्या साडेदहाला निघून पावणेबाराला परत, सव्वाबाराला माईक गुरुजींकडे. चार भिंती रद्द. हरिपूरचं बहिणीला आवडलं, तिच्या नवऱ्यालाही.

अडलंय ते अक्षतांनंतर. फोटोग्राफर दीड तास सलग फॅमिली फोटो मागतोय. गुरुजी विधी लगेच सुरू करा म्हणतात. आणि लोक स्टेजवर पाकिटं घेऊन रांग लावणार ते वेगळंच.

तिसरा_डोळा

पाच-वीस! बघा, पंचांगावर राहिला असता तर फसला असता.

अक्षतांनंतर फक्त पंचवीस मिनिटं घ्या, आणि त्यात फक्त म्हातारी माणसं, लांबून आलेली आणि लहान पोरं असलेली. आजी-आजोबांचा फोटो पहिला. त्यांना मधुमेह असतो, पाय सुजलेले असतात, आणि दोन तासांनी ते कुठल्यातरी खोलीत झोपलेले सापडतात. एका गटाला दोन-तीन मिनिटं लागतात. फोटो काढायला नव्हे, "अगं ती कुठे गेली, तिला बोलवा" याला. म्हणजे दहा गट झाले की थांबायचं. मग विधी, सव्वा-दीड तास, त्यात कुणी स्टेजवर यायचं नाही. विधीनंतर नवरा-नवरीचं जेवण. त्यानंतर उरलेले गट आणि आहेराची रांग, साडेतीनपर्यंत. तोवर गर्दी जेवून निम्मी गेलेली असते, जी थांबलीय ती खरी जवळची.

गटांची यादी मला नका देऊ, मला तुमचे मेहुणे-साडू ओळखता येत नाहीत. दोन्हीकडून एकेक माणूस द्या, मोठ्या आवाजाचं आणि कुणाचं कुणाशी पटत नाही ते माहीत असलेलं.

कंदीपेढा

म्हणजे आत्या.

पळीपंचपात्र

आत्याच. पण मंगलाष्टकं म्हणणारी नको, तिचा घसा बसलेला असतो.

हळदीकुंकू

पाठवणी चारला म्हणताय, तर झालीचा, म्हणजे मुलीला सासरच्यांच्या हवाली करायचा विधी त्यात धरलाय का? त्याला वीस मिनिटं लागतात, आणि सगळ्यात खरे फोटो तिथे मिळतात. सूप डोक्यावर धरल्यावर कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. फोटोग्राफरला सांगा, तिथे फ्लॅश नको आणि सूचना नकोत. लांबून काढ.

भडंगवाला

पाठवणी चारलाच करा. साडेसातपर्यंत मिरजेत आलं तर माप ओलांडणं शांतपणे हुईल. वरात काढायची असली तर वाजवायला रात्री दहापर्यंतच, पुढं पोलीस येतात. हळदीच्या डॉल्बीला पण तेच, साताऱ्यात असू दे नाहीतर मिरजेत. उघड्यावर दहा ते सहा बंद, नियम २००० सालापासूनचा हाय. साडेसातला नवरीची हळद, तिला तासभर धरला तर नाचायला दीड तास. आमच्या मंडळींना पुरंल का बघा.

वेण्णाकाठी

पुरवून घेतील. झाल नव्हती धरली, साडेतीनला सगळे गट बंद करून धरते. फोटोग्राफरला आज हा कागद पाठवला, त्याने अंगठा दाखवला आणि विचारलं, "मग आमची टीम आदल्या दिवशीपासून लागणार का?"

तिसरा_डोळा

लागणारच. एका दिवसाचे दीड दिवस झाले, त्याचे पैसे आत्ताच बोलून घ्या, कार्यालयात नको. आणि त्यांच्या चार गाद्या मोजा. जेवणही. आम्हाला पंगत उठल्यावर ताट मिळतं तेव्हा मसालेभात संपलेला असतो आणि पाठवणी सुरू झालेली असते. विधी चालू असताना एकेकाला आळीपाळीने जेवायला पाठवा, कार्यालयाच्या आचाऱ्याला आधी सांगून.

वेण्णाकाठी

चार गाद्या, चार पानं. आचाऱ्याच्या यादीत 'फोटो' म्हणून वेगळी ओळ घातली. वडिलांनी ती वाचून विचारलं, "आता फोटोंना पण जेवण?"